आच किती, वेळ किती? : चार्ल्स गुडइयरची कहाणी

पंक्चर काढणाऱ्याच्या टपरीवर हाताने रंगवलेल्या पाटीत ‘व्हल्कनायझिंग’ हा शब्द हमखास आढळतो. कधी तो बरोबर लिहिलेला असतो, बऱ्याचदा चुकलेला असतो. टपरीवाल्याच्या लेखी त्याचा अर्थ सरळ आहे: फाटलेल्या जागी कच्चे रबर लावायचे, दाब द्यायचा, गरम करायचे आणि ठरलेल्या वेळी काढायचे. लवकर काढले तर पॅच चिकट राहून सुटतो, उशिरा काढला तर करपतो. रोमन अग्निदेवता व्हल्कन हिच्या नावावरून बनलेला हा शब्द ज्याच्या शोधासाठी घडला, त्याने मात्र तो सुचवलेला नव्हता. तो सुचवला त्याच्या इंग्लंडमधील प्रतिस्पर्ध्याच्या एका मित्राने. आयुष्यभर हुकलेल्या गोष्टींची यादी केली, तर चार्ल्स गुडइयरच्या नावावर ही अगदी किरकोळ नोंद ठरेल.

गुडइयरची गोष्ट सहसा एका वाक्यात सांगून संपवली जाते. गंधक मिसळलेले रबर चुकून तापलेल्या शेगडीवर पडले आणि टिकाऊ रबराचा शोध लागला, असे ते वाक्य. ते खोटे नाही, पण अर्धवट आहे. शेगडीवरचा तो प्रसंग १८३९ सालच्या हिवाळ्यातला, आणि अमेरिकन पेटंट हाती आले ते १५ जून १८४४ रोजी. मधली पाच वर्षे हा माणूस काय करीत होता? रबराला नेमकी किती आच द्यायची आणि ती किती वेळ द्यायची, एवढेच तो शोधत होता. आज साच्यातून रबरी वस्तू काढणाऱ्या कारखान्यांत हेच उत्तर संगणकाच्या पडद्यावर, साचा घडवण्याआधी मिळवता येते. गुडइयरने ते स्वयंपाकघरातल्या भट्टीत शोधले आणि त्याची किंमत त्याच्या घराने मोजली.

कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे २९ डिसेंबर १८०० रोजी त्याचा जन्म झाला. वडील अमासा गुडइयर हे बटणे आणि शेतीची अवजारे तयार करीत. मुलाने फिलाडेल्फियात जाऊन लोखंडी सामानाचा धंदा शिकून घेतला, परत येऊन वडिलांच्या भागीदारीत काम केले, १८२४ मध्ये क्लॅरिसा बीचर हिच्याशी विवाह केला आणि १८२६ मध्ये फिलाडेल्फियात स्वतःचे दुकान थाटले. दुकान चालले, पण उधारीवर. प्रकृती ढासळली, येणी अडकली आणि १८३० मध्ये कर्ज न फेडल्याबद्दल त्याला पहिल्यांदा तुरुंग पाहावा लागला. त्या काळी कर्जबुडव्याला कोठडीत टाकण्याची पद्धतच होती. पुढे हा तुरुंग त्याच्या इतका परिचयाचा झाला, की त्याबद्दल त्याला विशेष काही वाटेनासे झाले.

रबराशी त्याची गाठ पडली ती १८३४ साली, न्यूयॉर्कमध्ये. ब्राझीलहून येणाऱ्या या डिंकासारख्या पदार्थाचे अमेरिकेत तेव्हा वेड पसरले होते. पाणी न झिरपणारे बूट, टोप्या, गाडीची आच्छादने अशा वस्तूंसाठी कंपन्यांमागून कंपन्या उभ्या राहिल्या. रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात गुडइयरने बुडणाऱ्याला तारणारा हवेचा पट्टा पाहिला आणि त्याच्या झडपेत सुधारणा करून तो पुन्हा दुकानात हजर झाला. व्यवस्थापकाने झडपेचे कौतुक केले, पण खरी अडचण झडपेत नसून रबरात असल्याचेही सांगितले. विकलेला माल उन्हाळ्यात वितळून, दुर्गंधी सुटून परत येत होता. थंडीत तेच रबर लाकडासारखे कडक होऊन तडकत असे. कंपनी आतून पोखरली गेली होती.

वितळणाऱ्या रबराचा बंदोबस्त आपणच करायचा, असे या माणसाने ठरवले. रसायनशास्त्राचे शिक्षण नव्हते. हाती भांडवल नव्हते. फिलाडेल्फियाला परतल्यावर पुन्हा कर्जापायी तुरुंग झाला, तेव्हा त्याने कच्चे रबर आणि पत्नीचे लाटणे कोठडीतच मागवून घेतले आणि तेथे बसून रबर मळायला आरंभ केला.

प्रयोगांची पद्धत साधी होती. जे मिळेल ते रबरात मिसळायचे. मॅग्नेशियाची पूड घातली, तेव्हा चिकटपणा गेल्यासारखा वाटला. कुटुंबातल्या सर्वांनी मिळून शेकडो बूट तयार केले आणि उन्हाळा येताच त्यांचा लगदा झाला. मग चुन्याच्या निवळीत रबर उकळून पाहिले. तेही छान दिसले, पण आंबट फळाच्या रसाचा एखादा थेंब पडताच त्या जागी रबर पुन्हा चिकट होई. एकदा नायट्रिक आम्लाने पृष्ठभाग कोरडा व गुळगुळीत होतो, हे लक्षात आले. या प्रयोगांत विषारी वायूने तो मरता मरता वाचला. १८३७ च्या जूनमध्ये आम्लप्रक्रियेचे पेटंट त्याला मिळाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक मंदीची लाट येऊन त्याचा भागीदार धुळीला मिळाला. स्टेटन आयलंडवरच्या बंद पडलेल्या रबर कारखान्यात गुडइयर कुटुंब राहू लागले. याच सुमारास तो रबराचाच कोट, रबराचीच टोपी आणि रबराचेच बूट घालून हिंडे. लोक त्याची टर उडवीत. रबराचा बटवा आहे, पण त्यात छदाम नाही, हीच त्याची ओळख, असे म्हणत.

पुढची घटना रबराच्या धंद्यातल्या आजच्या अभियंत्यालाही ओळखीची वाटेल. आम्लप्रक्रियेच्या जोरावर त्याला सरकारकडून टपालाच्या दीडशे पिशव्यांचे काम मिळाले. पिशव्या देखण्या झाल्या. त्या एका उबदार खोलीत टांगून गुडइयर काही आठवड्यांसाठी कुटुंबाला घेऊन बाहेरगावी गेला. परत येऊन पाहतो, तर पिशव्या आपल्याच वजनाने ओघळून कड्यांपासून सुटल्या होत्या. आम्लाचा परिणाम केवळ वरच्या पातळ थरावर झाला होता. आतले रबर कच्चेच राहिले होते. वरून पक्का, आतून कच्चा! जाड रबरी वस्तूचा हा रोग तेव्हापासून आजतागायत तसाच आहे.

दरम्यान मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे नॅथॅनिएल हेवर्ड या कारागिराची गाठ पडली. रबरात गंधक घालून ते उन्हात ठेवले असता चिकटपणा कमी होतो, हे हेवर्डने हेरले होते. गुडइयरने त्याचे हक्क विकत घेतले. उन्हाचा परिणामही वरवरचाच होता, पण आता हाती गंधक आले. आणि १८३९ च्या हिवाळ्यात, वोबर्नमध्ये, गंधकमिश्रित रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळेल असे कोणालाही वाटले असते. तो चामड्यासारखा करपला. प्रसंगाचे तपशील वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितले जातात, पण गुडइयरचे वेगळेपण पुढच्या क्षणात आहे. करपलेल्या भागाच्या कडेला एक अरुंद पट्टी होती. ती करपली नव्हती आणि चिकटही नव्हती. आच योग्य जागी थांबवली, तर सगळेच रबर त्या पट्टीसारखे होईल, हे त्याने ओळखले. तुकडा रात्रभर बाहेरच्या कडाक्याच्या थंडीत खिळ्याला टांगला. सकाळी तो तसाच लवचीक होता. या सगळ्याला केवळ योगायोग म्हटलेले त्याला कधीच रुचले नाही आणि त्याची बाजू रास्त होती, असे वाटते. करपलेले रबर त्याच्याआधीही अनेकांनी पाहिले असणार. त्याच्या कडेची पट्टी त्याने पाहिली.

त्यानंतर सुरू झाली खरी तपश्चर्या. पत्नीची भाकरी भाजून झाली, की तिच्या भट्टीत रबर जाई. तवा, उकळते पाणी, किटलीच्या तोंडची वाफ, तापवलेली वाळू, निखारे. कधी एक तास, कधी सहा तास, कधी रात्रभर. एक तुकडा उत्तम निघे, त्याच मिश्रणाचा दुसरा फोड येऊन फुगे, तिसरा कोळसा होई. भट्टीची आच एकसारखी नसते आणि गंधकाचे प्रमाणही प्रत्येक वेळी सारखे पडत नाही, तेव्हा चूक कोठे झाली हे कळणार कसे? शेवटी दाबाखालची वाफ हा उपाय सापडला. सुमारे १३२ अंश सेल्सिअस तापमानात चार ते सहा तास ठेवलेले रबर एकसारखे पक्के होऊ लागले. पेटंटमध्ये त्याने मिश्रणाचे प्रमाणही दिले: रबर २५ भाग, गंधक ५ भाग आणि शिसेसफेदा ७ भाग.

या वर्षांत घरात काय चालले होते, हे टाळून पुढे जाता येत नाही. मुलांची शाळेची पुस्तके विकली गेली. घरात सरपण नसे. दोन वर्षांचा मुलगा दगावला तेव्हा अंत्यविधीसाठी पैसे नव्हते. बारा अपत्यांपैकी सहा लहानपणीच गेली. याच हलाखीत एका फ्रेंच कंपनीने आम्लप्रक्रियेचे हक्क मागितले, तर त्याने त्यांना नकार दिला. याहून चांगली प्रक्रिया लवकरच हाती येणार आहे आणि तेव्हा ही निरुपयोगी ठरेल, असे त्याने प्रामाणिकपणे कळवले. हा प्रामाणिकपणा थोर होता, यात वाद नाही. पण त्या घरातल्या आईने त्याला काय म्हटले असेल? चरित्रकार तिच्या सोशिकपणाचे कौतुक करून पुढे निघून जातात. तिचा भाग त्याहून मोठा होता. अर्धी प्रयोगशाळा तिच्या स्वयंपाकघरात होती. तारणहार ठरला तो मेहुणा विल्यम डी फॉरेस्ट. लोकरीच्या या कारखानदाराने वेळोवेळी दिलेली रक्कम पुढे सुमारे ४६ हजार डॉलरवर गेली.

गुडइयर चाचपडत होता त्यामागचे कारण आज सांगता येते. कच्चे रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या सुट्या दोऱ्यांचा गुंता. उष्णतेने ते एकमेकांवरून घसरतात, म्हणून रबर वितळते. गंधकाचे अणू या दोऱ्यांना जागोजागी आडवे टाके घालतात. टाके कमी पडले तर वस्तू चिकट व कमजोर राहते; नैसर्गिक रबराला जास्त वेळ उष्णता दिली तर घातलेले टाके पुन्हा तुटू लागतात. तापमान दहा अंशांनी वाढले की टाके घालण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे भट्टीची आच थोडी इकडेतिकडे झाली, तरी तासांचा हिशेब कोलमडतो. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचा संबंध सूत्रात मांडला तो १८८९ मध्ये. गुडइयरला जाऊन तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती.

दुसरी अडचण रबराच्या स्वभावातच आहे. ते उष्णतेचे अत्यंत मंद वाहक आहे; पोलादाच्या तुलनेत शेकडो पटींनी मंद. उड्डाणपुलाच्या तुळईखाली बसवलेली रबरी गादी किंवा यंत्राखालचा जाड ठोकळा साच्यात घातला, की साच्याला चिकटलेला थर काही मिनिटांत शिजतो आणि गाभा कितीतरी वेळ कोमटच राहतो. गाभा पक्का होईपर्यंत थांबावे, तर कातडी करपते. लवकर काढावे, तर आत बारीक बुडबुडे राहतात आणि वस्तू काही महिन्यांत दगा देते. टपालाच्या पिशव्यांचाच प्रकार. कारखान्यात अनेक वर्षे यावर एकच उपाय होता: वेगवेगळ्या वेळी नग बाहेर काढायचे, मधोमध कापायचे आणि आतले बुडबुडे कोणत्या मिनिटाला नाहीसे होतात ते पाहायचे. त्यावर सुरक्षिततेसाठी आणखी काही मिनिटे चढवायची. नग वाया जात, वीज वाया जाई आणि दर तासाला निघणारा माल कमी होई.

संगणकाने हे काम वेगळ्या वाटेने नेले. आधी ऱ्हिओमीटर नावाच्या उपकरणात मिश्रणाचा लहानसा नमुना दोन तापलेल्या ठशांमध्ये दाबतात. एक ठसा किंचित डावीउजवीकडे हलत राहतो. रबर पक्के होत जाते तसा त्याला अधिक जोर लागतो आणि त्याचा आलेख उमटतो. आरंभी काही काळ रेघ सपाट, मग वेगाने चढ, मग पठार, आणि नैसर्गिक रबर असेल तर पुढे उतार. तीनचार वेगवेगळ्या तापमानांचे असे आलेख मिळाले, की त्या मिश्रणाचा स्वभाव आकड्यांत बांधता येतो. मग साच्याचे आणि वस्तूचे चित्र हजारो बारीक तुकड्यांत विभागले जाते. उष्णता एका तुकड्यातून शेजारच्यात किती गेली, टाके घालण्याच्या क्रियेतून स्वतःची किती उष्णता सुटली आणि तेवढ्या वेळात तेथे किती टाके पडले, याचा हिशेब क्षणाक्षणाला मांडला जातो. सर्वांत मागे राहणारा बिंदू कोणता, तो केव्हा पक्का होईल आणि तोवर कडेची काय अवस्था झालेली असेल, हे पडद्यावर रंगांत दिसते. साच्यातून काढल्यानंतरही जाड वस्तू स्वतःच्या उष्णतेवर शिजत राहते, हेही त्यात धरता येते. म्हणून गाभा पूर्ण पक्का होण्याआधीच साचा उघडणे शक्य होते. तापकाची जागा बदलली, साच्याचे तापमान पाच अंशांनी उतरवले, मिश्रणात वेग वाढवणारे द्रव्य बदलले, तर काय होईल, हे एकही नग न जाळता तपासता येते.

अर्थात पडद्यावरचे रंग पाहून भुलणाऱ्यांनाही ठेच लागतेच. नमुना एका घाण्याचा आणि माल दुसऱ्या घाण्याचा असेल, गंधक नीट मिसळले नसेल, साच्याचा एक कोपरा खरोखरच थंड असेल, तर संगणकाला ते कोण सांगणार? म्हणून शहाणे कारखाने एखाद्या नगात तापमान मोजणारी तार खुपसून हिशेब पडताळून घेतात. मोटारीचे टायर आता सहसा दहा ते पंधरा मिनिटांत शिजतात आणि मऊ रबरात शंभर भागांना साधारण एक ते तीन भाग गंधक पुरते. गुडइयरच्या पेटंटातले प्रमाण शंभराला वीस भाग पडते.

त्याचे पाच वर्षांचे चाचपडणे मात्र त्याला महागात पडले. प्रक्रिया पक्की होण्याआधीच, १८४२ च्या सुमारास, त्याचे काही नमुने विक्रीच्या बोलणीसाठी इंग्लंडला गेले. ते थॉमस हॅन्कॉकच्या हाती पडले. हॅन्कॉक हा रबराच्या धंद्यात मुरलेला, स्वतः कल्पक माणूस. नमुन्यावर गंधकाची पिवळसर पूड उमटलेली पाहून त्याने पुढचा तर्क केला, स्वतः प्रयोग केले आणि नोव्हेंबर १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. गुडइयरचा अर्ज तेथे पोहोचला तो जानेवारी १८४४ मध्ये. काही आठवड्यांनी इंग्लंड हातचे गेले. १८५५ मध्ये तेथील न्यायालयानेही हॅन्कॉकच्याच बाजूने कौल दिला. व्हल्कनायझेशन हे नाव हॅन्कॉकचा मित्र विल्यम ब्रॉकेडन याने सुचवलेले.

अमेरिकेत पेटंट त्याचे होते, पण ते पाळायला कोणी तयार नव्हते. होरेस डे या कारखानदाराविरुद्धचा ट्रेंटन येथील १८५२ चा खटला गाजला, कारण गुडइयरच्या बाजूने उभा राहिला डॅनिएल वेबस्टर, तेव्हाचा परराष्ट्रमंत्री आणि देशातला नामांकित वकील. त्याची फी पंधरा हजार डॉलर. गुडइयर जिंकला, पण परवान्यांचे दर त्याने इतके कमी ठेवले होते, की खरी कमाई परवानाधारकांची झाली.

मिळाले तेही त्याने रबरातच ओतले. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात त्याचे दालन उभे राहिले: भिंती, फर्निचर, कंगवे, दागिने, सगळे रबराचे. त्यावर तीस हजार डॉलर खर्च झाले. १८५३ मध्ये क्लॅरिसा इंग्लंडमध्येच वारली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनावर पन्नास हजार डॉलर गेले आणि त्याच वेळी फ्रेंच पेटंट रद्द झाले; पेटंटपूर्वी त्याच्या प्रक्रियेचे बूट फ्रान्समध्ये विकले गेले होते, एवढे कारण पुरले. उत्पन्न आटले, देणेकरी धावले आणि डिसेंबरमध्ये त्याची रवानगी क्लिशी येथील कर्जदारांच्या तुरुंगात झाली. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने दिलेला लीजन ऑफ ऑनरचा क्रॉस मुलाने त्याला त्या कोठडीत आणून दिला.

अखेरची वर्षे संधिवाताने आणि कुबड्यांवर गेली. न्यू हेवनला मुलगी मृत्युशय्येवर असल्याचे कळून तो निघाला. न्यूयॉर्कला पोहोचताच ती गेल्याची बातमी कळली आणि तो कोसळला. १ जुलै १८६० रोजी तेथेच एका हॉटेलात त्याचा मृत्यू झाला. मागे सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज राहिले.

गुडइयर टायर अँड रबर कंपनी १८९८ मध्ये ओहायो राज्यातल्या अक्रन येथे फ्रँक सायबरलिंगने काढली. तिचा या कुटुंबाशी काडीचाही संबंध नव्हता. नाव केवळ आदरापोटी घेतले गेले. चांगल्या चामडी बुटांवर आढळणारे ‘गुडइयर वेल्ट’ हे शिवणीचे नाव मात्र घरातलेच आहे. त्या यंत्राशी ज्याचे नाव जोडलेले आहे, तो चार्ल्सचा मुलगा, धाकटा चार्ल्स गुडइयर.